आईचं मीठ

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शर्मिष्ठा मॅडमनी चौथा चॅप्टर परत पाठवला. आधी म्हणाल्या विस्तार कर, मग म्हणाल्या आटोपतं घे, आता विचारतात की मुद्दा कुठाय. मुद्दा माझ्या डोक्यात आहे मॅडम, तिथून कागदावर उतरायला तयार नाही. जूनपर्यंत प्रबंध गेला नाही तर मुदतवाढीचा अर्ज करायचा आणि पुन्हा सगळ्यांची तोंडं बघायची. वाट लागलीय नुसती.

घरी आले तर आईचा वेगळाच प्रश्न. विहारात बायका विचारतात, तुमची दीप्ती नक्की कशाची डॉक्टर होणार, तर त्यांना काय सांगू? पाच वर्षांत पन्नासदा सांगून झालंय. आज पुन्हा सांगितलं. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात, त्यांचा रस रक्तात मिसळतो. हृदयाला ज्या नसा जातात, त्यांच्या टोकाशी एक रसायन तयार होतं आणि त्याच्या जोरावर हृदय पळतं. वरच्या ग्रंथींचा रस आटला तर नसांमधलं ते रसायन बनण्यावर काय परिणाम होतो, ते मी बघते. उंदरांमध्ये. आई म्हणाली, मग उंदरांची डॉक्टर म्हण की सरळ. आणि स्वतःच हसत बसली. पण विहारात जाऊन ‘हृदयाची डॉक्टर’ असंच सांगणार, मला माहितीय.

उंदरांचं ऐकून मात्र तिने कान टवकारले. त्या ग्रंथी काढून टाकलेल्या उंदराच्या अंगात मीठ टिकत नाही, सगळं लघवीवाटे निघून जातं. म्हणून त्याला प्यायला मिठाचं पाणी ठेवावं लागतं. पिंजऱ्यात दोन बाटल्या लावल्या, एक साधी नि एक खारट, तर तो आपणहून खारटाकडे जातो. कुणी शिकवत नाही. आई म्हणाली, मुक्या जिवाला बरोबर कळतं. तीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई, तिला सगळीच लेकरं वाटतात.

९ मार्च, रविवार

आई गच्चीवर कुरडया घालतेय. दरवर्षी कमलमावशी आणि ती मिळून घालतात. कमलमावशी म्हणजे समोरच्या दारातली, पंतनगरात राहायला आल्या दिवसापासूनची आईची मैत्रीण. तिने आज मला जिन्यात गाठलं. आईबद्दल म्हणाली, शकु फार काळवंडली गं, आणि बारीक पण झालीय.

मी नीट बघितलं. खरंच काळवंडलीय. तळहाताच्या रेषा तर शाईने काढल्यासारख्या. दिवसभर उन्हात उभं राहिलं तर आणखी काय होणार? सनस्क्रीन आणून दिलं, तर त्यावरचा किमतीचा आकडा बघून म्हणाली, एवढ्यात अख्ख्या बिल्डिंगच्या कुरडया झाल्या असत्या.

बारीक झाली ते बरंच झालं. चाल म्हणून मी कधीपासून मागे लागले होते. आता ब्लाउज सैल होतायत, स्वतःच आत घेत बसलेली असते.

२७ मार्च, गुरुवार

आज डोकंच फिरलं. कॉलेजातून लवकर आले तर आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी, तळहातावर मीठ, आणि ते चाटतेय. कैरी नाही, काकडी नाही, नुसतं मीठ. मला बघून पोरीसारखी दचकली. म्हणाली, तोंडाला चवच नाही गं, हे तेवढं बरं वाटतं.

आता कळलं. पिठलं खारट, वरण खारट, ताकात मीठ पडतंय की मिठात ताक तेच कळत नाही. मला वाटायचं की वयाने अंदाज चुकतोय. ही तर मुद्दाम घालते!

बाबांचं हेच झालं. प्रेशर असताना जेवणात दोन पापड, वर लोणचं, ‘एका पापडाने काय होतं’ हे रोजचं. अंबादास मोरे, टेलिफोन खात्यातला धडधाकट माणूस, अठ्ठावन्नाव्या वर्षी ऑफिसच्या खुर्चीतच गेला. तेव्हा मी एम. फार्म.ला होते. हृदय हा विषय त्यानंतर घेतला, हौस म्हणून नाही. आता माझ्या घरात दुसरं माणूस मिठापायी जाणार असेल तर माझ्या शिक्षणाला जाळायचंय का? मला आहे कोण आईशिवाय?

बाबांचं प्रेशरचं मशीन काढून तिचं प्रेशर बघितलं. ८८ वर ५६. इतकं कमी असलेला माणूस उभा राहून मीठ चाटत नाही. मशीन भंगार झालंय, नवीन घ्यायला हवं.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती. आई पांढरी साडी नेसून, निळ्या काठाचं उपरणं घेऊन सकाळीच तयार. दरवर्षी मिरवणुकीत ही शेवटपर्यंत चालते आणि मला पाय दुखतात म्हणून चिडवते. आज कॉलनीच्या गेटपासून चौकापर्यंत गेलो नाही तोच म्हणाली, दीपे, डोळ्यापुढं अंधार येतोय. आणि फुटपाथवर बसली. बायकांनी वारा घातला, पाणी पाजलं. तिचे हात गार पडले होते. डीजेच्या आवाजात मला तिचं बोलणं ऐकू येईना, नुसते ओठ हलताना दिसत होते. भीती काय असते ते आठ वर्षांनी पुन्हा कळलं.

बाबांनाही अशीच चक्कर यायची.

घरी आणून झोपवलं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर नको, ऊन लागलं म्हणाली. उठून बसली आणि पहिली गोष्ट काय मागितली? लिंबाच्या लोणच्यातला खार, वाटीत. माझा तोल गेला. बरंच बोलले. बाबांना पापड खाऊ घालून तूच मारलंस इथपर्यंत बोलले. आणि शेवटी म्हणाले, “माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, यापुढे वरून मीठ घेतलंस तर.”

ती म्हणाली, “आपण शपथा मानत नाही, दीपे.”

“मग मोड की,” मी म्हटलं.

आमच्या घरात उपास नाहीत, नवस नाहीत, मांजर आडवं गेलं तरी कुणी थांबत नाही. आईनेच वाढवलं तसं. पण तिचा चेहरा असा उतरला की मला कळलं, ही नाही मोडणार. पोरीच्या गळ्याची आहे ना. जरा वाईट वाटलं, पण कामाला आलं. मिठाची बरणी, लोणची, पापडाचा डबा, सगळं माझ्या कपाटात कुलपात टाकलंय. स्वयंपाक आता मीच करणार.

२० एप्रिल, रविवार

आई ऐकतेय. अळणी भाजी, अळणी वरण, मुकाट गिळते. खाते मात्र चिमणीएवढं. आज विहारात वंदनेला गेली नाही. तीस वर्षांत तिने वंदना चुकवलेली मला आठवत नाही. पाय उचलत नाहीत म्हणाली.

आजारपणात मीठ सोडलं की सुरुवातीला अशक्तपणा येतोच, असं कुठेतरी वाचलंय. निघेल. चॅप्टर जवळजवळ झाला. मॅडमनी पहिल्यांदा ‘बरं आहे’ लिहून पाठवलं. त्यांच्याकडून ‘बरं’ म्हणजे झकासच.

२८ एप्रिल, सोमवार

सहा उंदीर मेले.

सहदेव आमच्या प्राण्यांचं सगळं बघतो, तो भाचीच्या लग्नाला चिपळूणला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या माणसाने सगळ्या पिंजऱ्यांना सरसकट साधं पाणी लावलं, फिल्टरचं, स्वच्छ. बाटल्यांवर मी लाल अक्षरात ‘मिठाचं पाणी’ असं लिहून ठेवलंय. त्याने अक्षरं धुऊन काढली, घाण दिसत होती म्हणे. मी चॅप्टरच्या नादात आठवडाभर खाली फिरकलेच नाही, तेही आहे. आज गेले तर सगळे एका कोपऱ्यात एकमेकांवर पडलेले. जे जिवंत होते ते हातात घेतले तर मान टाकत होते.

मी त्या माणसाला उभा-आडवा फाडला. म्हटलं, “ज्याच्या अंगात मीठ टिकत नाही त्याचंच मीठ काढून घेतलंस तर दुसरं काय होणार? एवढी साधी गोष्ट कळत नाही?” तो म्हणाला, मॅडम, मला वाटलं साधं पाणी चांगलं. चांगलं! मॅडमनी मध्ये पडून मला बाहेर नेलं. वर्षाचं काम गेलं. पण खरं सांगायचं तर मला कामापेक्षा ते कोपऱ्यातलं ढीग होऊन पडणंच दिसतंय. किती वेळ ते बाटलीशी जात असतील, चाटून बघत असतील, आणि परत फिरत असतील.

घरी आले तर आई झोपूनच. मुगाची खिचडी केली, मीठ चिमूटभर. दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. म्हटलं, बघ, आता अळणी चालतं ना तुला, सवयीचा प्रश्न असतो. ती हं म्हणाली. तिला उंदरांचं सांगितलं तर डोळ्यांत पाणी आलं. किती हळवी झालीय हल्ली.

५ मे, सोमवार

दोन दिवस आईला उलट्या. खालच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. पित्त आहे, उन्हाळ्याचं पोट बिघडलंय म्हणाले, गोळ्या दिल्या आणि इलेक्ट्रॉल पाजत राहा म्हणाले. प्रेशर बघायला त्यांनी पिशवी उघडली, पण मी सांगितलं की घरी बघितलंय. का सांगितलं कोण जाणे. त्यांना घाई होती, मलाही.

इलेक्ट्रॉलच्या पाकिटावर वाचलं, मिठाचं प्रमाण भरपूर. नको म्हटलं. लिंबू-साखरेचं पाणी करून दिलं, तांब्या-तांब्याने. आई म्हणाली, “त्यात थोडं...” आणि थांबली. मी काय म्हणून विचारलं तर काही नाही म्हणाली, मान फिरवून पडून राहिली.

९ मे, शुक्रवार

काल लिहिणं शक्य नव्हतं.

काल सकाळी चहा घेऊन गेले तर आई उठेना. डोळे अर्धे उघडे, अंग थंडगार, बोलणं बरळल्यासारखं. मला ओळखलं नाही, बालवाडीतल्या कुठल्या पोराला हाक मारत होती. कमलमावशीने आणि तिच्या मुलाने उचलून खाली आणलं. रिक्षात मी तिची नाडी धरून बसले होते आणि नाडी सापडत नव्हती.

अतिदक्षता विभागात गार्गी नावाच्या डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी प्रेशर वर आणायला नॉरअ‍ॅड्रिनलीनचं ठिबक लावलं. हे माझं रसायन. हृदयाच्या नसा जे बनवतात ते, पाच वर्षं मी ज्याचे सूक्ष्म कण मोजतेय ते, बाटलीतून थेट आईच्या शिरेत जात होतं. आणि आई त्याला दाद देत नव्हती. वेग वाढवला, पुन्हा वाढवला. पडद्यावरचा आकडा जागचा हलेना.

माझ्या चॅप्टरचं पहिलंच वाक्य आहे की किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा रस नसेल तर हे रसायन असून नसल्यासारखं. वाक्य माझं. मी तिथे उभी होते. आणि मला सुचलं नाही हो, खरंच सुचलं नाही. मी नुसती ‘आई, आई’ करत होते.

गार्गी डॉक्टरांनी आईचे तळहात उलटे करून बघितले. ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. हिरड्यांवर काळे-निळे डाग होते, मी कधी बघितलेच नव्हते. मग मला विचारलं, “कधीपासून काळ्या पडल्यात? यांना मीठ खावंसं वाटायचं का?”

हो, म्हटलं.

“मग द्यायचात ना?”

“मी बंद केलं होतं.”

त्यांनी लगेच नर्सला हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे त्याच ग्रंथींचा रस, आणायला सांगितलं आणि सलाइन जोरात सोडलं, खारं पाणी. मग लिहिता लिहिता सहज विचारलं की मी काय करते. मी म्हटलं, शिकवते, कॉलेजात. एवढंच म्हटलं.

दुपारपर्यंत आकडा चढला. ८०. मग ९४. मग आईने पाय हलवला. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. सहा उंदरांसाठी एका माणसाला फाडून खाल्लं होतं ना मी? आता मला कोण फाडणार?

१० मे, शनिवार

आई शुद्धीवर आली. स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुकून गेलेल्या दिसल्या. मी तिसरीत असताना तिला टीबी झाला होता, तो बरा झाला पण जाता जाता तिथे बसून राहिला आणि सावकाश खात राहिला. आता जन्मभर गोळ्या. एक दिवस चुकवायची नाही. डॉक्टर म्हणाल्या की मिठाचा हात आखडायचा नाही, आणि हे म्हणताना माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होत्या.

संध्याकाळी नर्स तक्रार करत आली, पेशंट सूप घेत नाही. खारं सूप होतं. मी गेले तर आई वाटीकडे बघत होती आणि मग माझ्याकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“सुटली शपथ,” मी म्हटलं. “आई, सुटली. पी.”

“दोनदा खाल्लं होतं मी,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. “तू कॉलेजात असताना. कमलकडून मागून. तुला काही होईल म्हणून मग रात्रंदिवस जीव थाऱ्यावर नव्हता. रागावू नको, दीपे.”

ती माझी माफी मागत होती. मी तिला चमच्याने सूप पाजलं. सगळं संपवलं तिने, वाटी पुसून.

१२ मे, सोमवार

आज बुद्धपौर्णिमा. आईला वॉर्डात हलवलंय. विहारातल्या बायका खीर घेऊन आल्या, दोघींनाच सोडतात तिथे सात जणी घुसल्या. आई उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर जरा कळा आली होती. कमलमावशीने विचारलं, काय झालं होतं गं नक्की?

आणि आई बोलू लागली. माझ्या दीप्तीच्या अभ्यासाचाच आजार निघाला बघा. लाखात एकाला होतो. डॉक्टरांना पण ओळखू येत नाही, पण हिनं बरोबर ओळखलं. हिनं माझं खाणंपिणं ताब्यात घेतलं, रात्रंदिवस लक्ष ठेवलं, म्हणून वाचले. तिथं दवाखान्यात पण हिनंच सांगितलं, ते अमकं इंजेक्शन द्या म्हणून.

बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत आईचा गोंधळ झालाय. मी तोंड उघडलं, पण एवढ्यात नर्सने सगळ्यांना हाकललं.

कमलमावशी जाताना दारात थांबली. ती चिमूट-चिमूट मीठ देणारी. तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि डबा घेऊन गेली.

१८ मे, रविवार

काल आईला घरी आणलं. कपाटाचं कुलूप काढून बरणी ओट्यावर ठेवली. आज जेवताना तिने विचारलं, थोडं घेऊ का गं? मी घे म्हटलं, तरी हात बरणीपाशी थांबला, मी पुन्हा घे म्हणेपर्यंत. पुढच्या घासाला परत तेच. माझ्या आईला मी मीठ विचारून घ्यायला शिकवलं.

दुपारी राहवलं नाही. तिच्या कॉटवर बसून सगळं सांगून टाकलं. आई, तू बायकांना चुकीचं सांगितलंस, मी ओळखलं नाही, उलट मीठ बंद करून मीच तुला तिथवर नेलं, डॉक्टरांनी ओळखलं, मी पाच वर्षं तेच शिकतेय आणि मला समोर दिसलं नाही. रडून रडून माझी उचकी थांबेना.

ती माझे केस विंचरल्यासारखी बोटं फिरवत होती. म्हणाली, “ठाऊक आहे मला. त्या गार्गीबाईंनी समदं समजावून सांगितलं मला, तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा.”

“मग तू असं का सांगितलंस?”

“तुझ्या नावापुढं डॉक्टर लागणारंय. आपल्या अख्ख्या गोतावळ्यात पहिलं. लोक एकदा म्हणाले ना, हिनंच आईला मारायला काढलं होतं, की ते जन्मभर तुझ्या नावाला चिकटेल, डॉक्टर नाही चिकटणार. मी सांगितलं तेच तू सांगायचं.” मग म्हणाली, “तुझ्या बाबांच्या पापडाचं मला तू बोललीस, ते मी कुणाला सांगितलं का?”

तिने कूस बदलली आणि झोपली.

३ जून, मंगळवार

प्रबंध दिला. चौथा चॅप्टर मॅडमनी एकही खूण न करता पास केला.

संध्याकाळी त्या पेढे घेऊन घरी आल्या, आईला बघायला. कमलमावशीही होती. आईने चहा होईपर्यंत त्यांना सगळी गोष्ट ऐकवली, आता ती फारच रंगवून सांगते. मॅडम ऐकत राहिल्या आणि मग माझ्याकडे वळल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल असं काही मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, दीप्ती, अगं यावर पेपर व्हायला पाहिजे, प्रयोगशाळेतलं ज्ञान घरात वापरून तू आईचा जीव वाचवलास, आणि मला बोलली पण नाहीस? नक्की कधी लक्षात आलं तुझ्या?

आई चहाच्या कपात बघत होती. कमलमावशी खिडकीबाहेर.

“मिरवणुकीत चक्कर आली ना मॅडम,” मी म्हटलं, “तेव्हाच.”